रजनीकांत व मेबल आरोळे

डॉ. रजनीकांत आरोळे (१९३४–२०११) व डॉ. मेबल आरोळे (१९३५–१९९९) हे वैद्यक दांपत्य अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड येथील ग्रामीण आरोग्य प्रकल्पाचे संस्थापक होत. ख्रिस्ती श्रद्धा उपासनेपुरती न ठेवता ती रोजच्या कामातून जगण्याचे मराठी मुलखातील हे एक ठळक उदाहरण आहे.

वैचारिक पार्श्वभूमी

नव्या करारात येशूचा उल्लेख सुतार म्हणून येतो, तर प्रेषित पौल तंबू तयार करून उदरनिर्वाह करीत असे. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथर याने असे प्रतिपादन केले की, केवळ धर्मोपदेशकाचे कार्यच नव्हे, तर शेतकरी, चांभार किंवा घरकाम करणारी स्त्री यांचे कामही ईश्वराचे पाचारण होय. मराठी वाचकास येथे सावता माळी व गोरा कुंभार यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. आरोळे दांपत्याने या विचाराला आणखी एका प्रश्नाची जोड दिली : आपले काम नेमके कोणाच्या उपयोगी पडते?

जीवन

रजनीकांत यांचे आईवडील शिक्षक होते. मेबल यांचे वडील जबलपूर येथे नव्या कराराच्या ग्रीक भाषेचे प्राध्यापक होते. दोघांचे वैद्यकीय शिक्षण वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात झाले. १९६० मध्ये विवाहप्रसंगी त्यांनी खेड्यांतील उपेक्षितांसाठी आयुष्य वेचण्याचा संकल्प केला. वडाळा (ता. नेवासा) येथील मिशन रुग्णालयात काम करताना त्यांच्या लक्षात आले की, बरे होऊन गेलेले रुग्ण त्याच आजाराने पुन्हा परत येतात, कारण दूषित पाणी, उपासमार आणि अज्ञान हे सारे गावातच राहिलेले असते. पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ते १९७० मध्ये जामखेडला आले.

जामखेडचा प्रयोग

जामखेड हा अवर्षणग्रस्त तालुका. तेथील लोकांची पहिली मागणी औषधाची नव्हती, अन्नपाण्याची होती. त्यामुळे डॉक्टरांना विहिरी, कूपनलिका व सामुदायिक स्वयंपाक यांत लक्ष घालावे लागले. अनेक गावांत कूपनलिका हेतुपुरस्सर दलित वस्तीत घेण्यात आल्या, म्हणजे पाण्यासाठी सवर्णांना तेथे जावे लागे. अस्पृश्यतेविरुद्धच्या कित्येक व्याख्यानांहून हा उपाय परिणामकारक ठरला असावा.

प्रशिक्षित परिचारिका खेड्यात रुळेनात, तेव्हा गावानेच निवडलेल्या स्त्रियांना आरोग्यसेविका करण्याचे ठरले. यांपैकी बहुतेक निरक्षर होत्या, अनेक दलित होत्या. त्या जामखेडला येऊन शिकत, एकत्र राहत व एकाच पंगतीत जेवत. गर्भवतीची तपासणी, स्वच्छ बाळंतपण, जुलाब झालेल्या मुलास मीठ-साखरेचे पाणी देणे, कुष्ठरोगाची लक्षणे वेळीच ओळखणे ही कामे त्या करू लागल्या. जिच्या हातचे पाणी कालपर्यंत चालत नव्हते, तिच्याच हाती गावातील बाळंतिणीचा जीव सोपवला जाऊ लागला. वैद्यकीय ज्ञान स्वतःपाशी न राखता वाटून टाकणे हा आरोळे यांच्या सेवेचा गाभा होता. धर्मांतर हे प्रकल्पाचे उद्दिष्ट नव्हते. कुष्ठरुग्णांवर वेगळ्या जागी नव्हे, तर इतरांसमवेतच उपचार होत. स्थानिक कारागीर येथील कार्यशाळेत कृत्रिम पायही बनवू लागले.

प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७१ मध्ये दर हजार जन्मांमागे १७६ असलेला बालमृत्युदर १९७६ पर्यंत ५२ वर आला. शासनाची ‘आशा’ योजना सुरू झाली ती २००५ मध्ये, म्हणजे येथील पहिल्या आरोग्यसेविकांनंतर सुमारे तीन दशकांनी.

सन्मान व वारसा

दोघांना १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार, तर रजनीकांत यांना १९९० मध्ये पद्मभूषण मिळाले. त्यांचे ‘जामखेड’ हे इंग्रजी पुस्तक १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्यानंतर कन्या डॉ. शोभा व पुत्र रवी यांनी प्रकल्पाची धुरा सांभाळली. जगभरातील आरोग्य कार्यकर्ते जामखेडला शिकण्यासाठी येतात आणि त्यांच्या शिक्षिकांमध्ये खेड्यांतील या आरोग्यसेविकाही असतात.