चार हजार फूट, पण कुठे?

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या आकाशातली बहुतेक विमानं इथे उतरत नाहीत, नुसती वरून जातात. रात्री गच्चीवरून दिसतो तो एक लुकलुकता ठिपका. त्यातला वैमानिक आणि जमिनीवरचा नियंत्रक यांच्यातलं बरंचसं बोलणं आकड्यांचं असतं. किती उंचीवर राहा, कुठवर खाली या. नियंत्रकाने आकडा सांगायचा आणि वैमानिकाने तोच परत म्हणून दाखवायचा, अशी रीत. ऐकायला किती सोपं! पण मंडळी, या सोप्या गोष्टीचा आपल्याच महाराष्ट्रात घडलेला एक जुना प्रसंग फारसा कुणाला आठवत नाही.

अलितालिया या इटालियन कंपनीचं डीसी-८ जातीचं विमान सिडनीहून रोमला निघालं होतं. बँकॉक सोडल्यावर पुढचा थांबा मुंबई. ७ जुलै १९६२, मध्यरात्र नुकतीच उलटलेली, दिवस पावसाळ्याचे. मुंबईच्या नियंत्रकाने ४००० फुटांपर्यंत उतरायची परवानगी दिली. धावपट्टीअलीकडच्या मार्करवर एक फेरी मारून उतरू, असं वैमानिकांनी कळवलं. त्यानंतर काही मिनिटांतच विमान जुन्नरजवळच्या दावंड्याच्या डोंगरावर सुमारे ३६०० फूट उंचीवर आदळलं. मुंबई अजून सुमारे ८४ किलोमीटर दूर होती. विमानातले सगळे ९४ जण गेले.

चौकशीत ठपका वैमानिकावर आला. आपण मुंबईच्या बरेच जवळ आलो आहोत असं समजून तो फार लवकर खाली आला. मार्ग शोधण्याची साधनं नीट वापरली नाहीत, सुरक्षित किमान उंची पाळली नाही आणि खालच्या मुलखाची त्याला माहिती नव्हती.

आता आकड्याकडे बघा. मुंबईजवळ पोचलेल्या विमानाला ४००० हा आकडा चालण्यासारखा. सह्याद्रीच्या डोक्यावर तोच आकडा जीवघेणा. आमच्याकडे आलापल्लीहून भामरागडकडे जाणाऱ्याला कुणी सांगावं, "नाला लागला की डावीकडे वळा." सांगणाऱ्याच्या मनात एक नाला, ऐकणाऱ्यासमोर दुसराच. शब्द दोघांनाही कळले, वाट मात्र चुकली.

साडेतीन वर्षांनी जवळपास हेच पुन्हा घडलं. या वेळी विमान आपलं होतं. एअर इंडियाचं 'कांचनजंगा' मुंबईहून दिल्ली, बैरुत करत जिनिव्हाला चाललं होतं. २४ जानेवारी १९६६ची सकाळ. माँ ब्लाँ शिखर आपण ओलांडलं, असं वैमानिकाला वाटलं. जिनिव्हाच्या नियंत्रकाला रडारवर दिसत होतं की शिखर अजून ५ मैल पुढे आहे. त्याने तसं सांगितलंही. वैमानिकाने त्याचा अर्थ उलटाच लावला, शिखर मागे पडलं असं समजून तो खाली येत राहिला आणि विमान डोंगरावर आदळलं. ११७ माणसं गेली, त्यांत डॉ. होमी भाभा होते.

'वैमानिकाची चूक' हे दोन शब्द मला म्हणूनच अपुरे वाटतात. ते खोटे नाहीत, पण त्यांनी गोष्ट तिथेच संपते. दोन्ही वेळा वैमानिक आणि नियंत्रक एकमेकांशी बोलत होते, उत्तरंही देत होते. विमान आत्ता नेमकं कुठे आहे, यावर मात्र दोघांचं एकमत झालं नव्हतं, आणि झालेलं नाही हे वेळेत लक्षात आलं नाही.

पुढे यंत्रं आली. १९७०च्या दशकात जमीन जवळ आल्याचा इशारा देणारी, १९९०च्या दशकात तर जगभरच्या डोंगरांचा नकाशाच पोटात ठेवणारी. आता समोर डोंगर असला तर यंत्रच ओरडून सांगतं. जुन्नरच्या त्या रात्री असं सांगणारं विमानात काहीच नव्हतं.

आपण प्रवासात असलो की घरून फोन येतो, तेव्हा पहिला प्रश्न असतो, "कुठपर्यंत पोचलास?" बाकीच्या सूचना नंतर. आधी ठिकाण, मग आकडा. हा क्रम दोन डोंगरांवर २११ जीव गेल्यावर फार महत्त्वाचा वाटायला लागतो. असो.