मंगळवारचा अंक, बुधवारची रात्र

३० एप्रिल १९०८, रात्र. मुझफ्फरपुरात खुदीराम बोस आणि प्रफुल्ल चाकी एका घोडागाडीवर बॉम्ब टाकतात. नेम न्यायाधीश किंग्जफोर्डवर होता. गाडीत केनेडी मायलेकी होत्या. दोघीही दगावतात.

१२ मे, मंगळवार. ‘केसरी’त अग्रलेख येतो, ‘देशाचे दुर्दैव’. बॉम्बचे समर्थन नाही, पण माणसे बॉम्बपर्यंत का जातात याचा जाब सरकारलाच विचारलेला. लेखाखाली सही नाही. जबाबदार संपादक बाळ गंगाधर टिळक. या जबाबदारीची किंमत त्यांनी एकदा मोजलेली आहे. १८९७ मध्ये राजद्रोहाच्या १२४-अ कलमाखाली दीड वर्षाची शिक्षा झाली, तेव्हा आरोपीच्या पिंजऱ्यात शेजारी ‘केसरी’चे मुद्रक केशव महादेव बाळ उभे होते. मुद्रक सुटले, संपादक आत गेले.

८ जून, सोमवार. एकाच दिवशी दोन कायदे होतात: एक स्फोटकांचा, दुसरा वर्तमानपत्रांचा. चिथावणीच्या मजकुराबद्दल आता छापखानाच जप्त करता येईल.

९ जून, मंगळवार. ‘केसरी’चा अग्रलेख: ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’. इशारा पोचला नव्हता असे म्हणायला जागाच नाही. तो वाचून त्याला उत्तर छापले गेले.

२४ जून, बुधवार, संध्याकाळ. ‘काळ’कर्ते शिवराम महादेव परांजपे यांच्यावर आधीच खटला भरलेला आहे. त्यांच्या मदतीसाठी टिळक मुंबईत, सरदारगृहात उतरलेले. तिथेच त्यांना पकडतात. वॉरंट पहिल्या लेखाचे. दुसऱ्या लेखाचे ते तुरुंगात असताना येते.

२५ जून. पुण्यात घराची झडती. पोलिसांना एक कार्ड सापडते. त्यावर स्फोटकांविषयीच्या दोन इंग्रजी पुस्तकांची नावे. नव्या कायद्यातली स्फोटकांची व्याख्या तपासायला ती हवी होती, असे टिळक सांगतात. संपादकाच्या कपाटात असे चिटोरे निघणारच. पण हे खटल्यात पुरावा म्हणून येते.

२ जुलै. जामिनासाठी बॅरिस्टर जीना उभे राहतात. न्यायमूर्ती दिनशा दावर जामीन नाकारतात. १८९७ मध्ये टिळकांच्या जामिनासाठी बॅरिस्टर म्हणून झगडले होते ते हेच दावर.

८ जुलै. परांजपे यांना १९ महिने.

१३ जुलै, सोमवार. हायकोर्टात खटला उभा राहतो. ज्यूरीत नऊ जण: सात युरोपियन, दोन पारशी. टिळक स्वतःच स्वतःचे वकील.

१५ जुलै. ते बोलू लागतात. बोलणे थांबते २२ तारखेला. एकूण २१ तास १० मिनिटे.

२२ जुलै, बुधवार, दुपार. सरकारी बाजूने ब्रॅन्सन उत्तर देऊ लागतात.

संध्याकाळ. एरवी कोर्ट उठायची वेळ. निकाल उद्यावर जाईल असा लोकांचा अंदाज. दावर ठरवतात, काम आजच संपवायचे. सगळ्या खटल्यातला हा सर्वांत छोटा निर्णय. पण त्यामुळे निकाल भरदिवसा, गर्दीच्या तोंडावर लागणार नव्हता.

रात्री ८ वाजून ३ मिनिटे. ज्यूरी आत जातात.

९ वाजून २० मिनिटे. ज्यूरी परततात. तिन्ही आरोपांवर दोषी. सात विरुद्ध दोन.

टिळकांना बोलण्याची संधी मिळते. ज्यूरींच्या निकालानंतरही आपण निर्दोष आहोत, असे ते सांगतात. दयेची याचना नाही.

दावर शिक्षा सुनावतात. राजद्रोहाच्या दोन आरोपांवर प्रत्येकी तीन वर्षे काळे पाणी, एकामागून एक. तिसऱ्या आरोपावर एक हजार रुपये दंड.

त्याच रात्री विशेष गाडी साबरमतीच्या दिशेने निघते.

२३ जुलै, गुरुवार. कैद्याला ५२ वर्षे पुरी होतात. मुंबईत गिरणी कामगार काम बंद करतात. शिक्षेच्या दर वर्षामागे एक दिवस, असे सहा दिवस. गोळीबारात माणसे मरतात. सहावा दिवस २८ जुलै, मंगळवार.