आदिलशाही वाडा ते सचिवालय : पणजीतील एका वास्तूची वाटचाल

आदिलशाही वास्तुकलेचा विषय निघाला की विजापूरचा गोलघुमट आणि इब्राहीम रोजा आठवतात. पणजीत मांडवीच्या काठी उभी असलेली जुन्या सचिवालयाची दुमजली, कौलारू इमारत मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. वास्तविक १५०० च्या सुमारास यूसुफ आदिलशहाने येथे तटबंदीचा वाडा बांधला, तोच या इमारतीचा उगम होय.

१५१० मध्ये अल्बुकर्कच्या आरमाराने गोव्यावर चाल केली, तेव्हा प्रथम पणजीचाच कोट हस्तगत केला. पोर्तुगिजांनी वाडा पाडला नाही. समुद्रातून नदीत शिरणाऱ्या जहाजांवर येथून नजर ठेवता येई; शिवाय नवा व्हाइसरॉय राजधानीत प्रवेश करण्यापूर्वी येथेच मुक्काम करी. १६१५ मध्ये वाड्याची पुनर्बांधणी झाली. रोगराईने जुने गोवे ओस पडू लागल्यावर १७५९ मध्ये व्हाइसरॉयचे निवासस्थान या वाड्यात आले आणि पणजीच्या उत्कर्षाला चालना मिळाली. १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. १९६१ च्या मुक्तीनंतर येथे सचिवालय थाटले गेले व १९६४ च्या जानेवारीत पहिली विधानसभा याच इमारतीत भरली. कोकणीला राजभाषेचा दर्जा देणारे आणि मराठीच्या शासकीय वापराची तरतूद करणारे १९८७ चे विधेयकही येथेच संमत झाले. २००० मध्ये विधानसभा पर्वरीला गेली.

जांभ्या दगडाच्या भिंती आणि कौलांचे छप्पर यांना कोकणच्या पावसात सतत डागडुजी लागते. कौल सरकले की पाणी वाशांत मुरते, तेथून भिंतीत उतरते. वापरातील इमारतीत ही गळती लगेच लक्षात येते. बंद इमारतीत ती कोणालाच दिसत नाही. म्हणूनच सत्तांतरे होऊनही हा वाडा टिकला. याची किंमतही मोजावी लागली. प्रत्येक नव्या धन्याने आपल्या सोयीने फेरफार केल्यामुळे आजच्या रूपात मूळ आदिलशाही बांधकाम फारसे ओळखू येत नाही.

येथे एक गोष्ट लक्षणीय आहे. ज्यांनी आदिलशहाचा पराभव केला, त्या पोर्तुगिजांच्या तोंडी त्याचे नाव टिकले. आदिलखानाचे त्यांनी ‘इदाल्कांव’ केले आणि वाडा ‘इदाल्कांवचा वाडा’ म्हणूनच ओळखला गेला. पुढे कचेरीच्या नावाने ते नाव लोकव्यवहारात मागे पडले.

२०१६ पासून येथे कला महोत्सवाची प्रदर्शने भरू लागली, हे स्वागतार्हच आहे. परंतु पुनर्वापराने भिंती वाचतात. स्मृती आपोआप वाचत नाही. ती जपण्याचे काम इतिहासाच्या शिक्षकाचे आहे. आपल्या गावातील जुनी कचेरी, शाळा किंवा टपालघर पूर्वी काय होते, हा प्रश्न विद्यार्थ्यांना विचारला, तरी त्या कामाला सुरुवात होईल.