मदतीचा मजकूर खरा कसा राहील?

कळफलकावर आज्ञा टंकून संगणक चालवण्याची पद्धत जुनी असली, तरी ती मागे पडलेली नाही. शास्त्रज्ञ आणि आज्ञावलीकार ती आजही रोज वापरतात. येथे बोट ठेवायला चित्रे नसतात. कोणत्या आज्ञेला कोणती खूण जोडायची, हे लिहिलेल्या मदतीवरूनच कळते. समजा, मदतीत एका खुणेपुढे ‘फायलींची यादी दाखवते’ असे लिहिले आहे, पण आज्ञावली बदलल्यापासून ती खूण फायली पुसून टाकते. वाचणाऱ्याचे वर्षभराचे काम क्षणात जाईल! म्हणून मदत आणि आज्ञावली यांचा मेळ कसा राखला गेला, ते आपण पाहू.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही प्रणाली घडवली. तिच्या पहिल्या माहितीपुस्तिकेवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. तिच्यात प्रत्येक आज्ञेची माहिती एकाच साच्यात दिली आहे : नाव, वापरण्याची रीत, वर्णन, संबंधित फायली, हेही पाहा, आणि माहीत असलेले दोषसुद्धा. आपल्या प्रयोगवहीत उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण असा क्रम असतो, तसेच हे. काय कोठे सापडेल, हे वाचणाऱ्याला आधीच ठाऊक असते.

परंतु साच्यामुळे मांडणी सारखी होते. मजकूर खरा राहीलच असे नाही. आज्ञावली एकीकडे आणि पुस्तिका दुसरीकडे असली, की एकीत बदल करून दुसरी विसरली जाते.

१९८३ साली जाहीर झालेल्या ग्नू प्रकल्पाने पुढे असा दंडक घातला, की ‘हेल्प’ ही खूण दिल्यावर प्रत्येक आज्ञावलीने आपली माहिती स्वतःच सांगावी. पुस्तिकेचे पान याच उत्तरावरून आपोआप तयार करणारे ‘हेल्प-टू-मॅन’ हे साधनही आले. अंतर कमी झाले, पण हे उत्तर हातानेच लिहावे लागे.

पुढची पायरी म्हणजे खूण आणि तिचे वर्णन एकाच ठिकाणी लिहिणे. २०१० साली पायथन भाषेच्या २.७ या आवृत्तीत आलेला ‘आर्गपार्स’ हा संच असेच काम करतो. त्या एका नोंदीवरून आज्ञावली खूण ओळखते आणि मदतीचा मजकूरही तयार करते. त्यामुळे नवी खूण मदतीतून सुटत नाही, काढलेली खूण तेथे उरत नाही.

मात्र वर्णनाचे वाक्य माणूसच लिहितो. खूण तीच ठेवून तिचे काम बदलले, तर ते वाक्य खोटे पडते आणि यंत्राला त्याचा पत्ता नसतो. ते वाक्य पुन्हा वाचण्याची जबाबदारी आज्ञावलीत बदल करणाऱ्याचीच राहते.