कुठली साष्टी?

जुन्या कागदात ‘बेसीन’ असे नाव आले की माझा पहिला प्रश्न ठरलेला : कुठले बेसीन? गुजरातच्या बहादूरशहाने 23 डिसेंबर 1534 च्या तहाने वसई पोर्तुगीजांना दिली. त्यांच्या जिभेवर ती ‘बासाईं’ झाली आणि इंग्रजांच्या जिभेवर ‘बेसीन’. पण ब्रह्मदेशातल्या पाथेन बंदरालाही इंग्रज बेसीनच म्हणत! साष्टीची गतही तीच. एक साष्टी गोव्यात. दुसरी आमच्या खाडीपलीकडे, जिच्यावर आज मुंबईची उपनगरे वसली आहेत. विचारल्यावाचून इतिहासाचे पान पुढे सरकत नाही.

इतिहासाचे सोडा, रोजच्या बोलण्याचे तरी दुसरे काय आहे? वसईच्या शाळेत शिकवताना मी पाहतो : सामवेदी, वाडवळी, कोळी, आगरी अशा बोली एकाच बाकावर बसतात आणि पुस्तकी मराठी समोर फळ्यावर असते. पुन्हा विचारल्याशिवाय तास निभत नाही. मार्क डिंगेमान्से आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातल्या 12 भाषांतली साधी घरगुती बोलणी तपासली. सुमारे दीड मिनिटाला एकदा कोणीतरी कोणाला तरी अडवून खुलासा मागतोच, असे त्यांना 2015 साली आढळले.

त्यात एक मौज आहे. आजी म्हणाली, “उद्या मामा येणार.” यावर “अं?” असे विचारता येते, “कोण येणार?” असेही विचारता येते किंवा “विरारचे मामा का?” असेही. या संशोधकांना दिसले ते असे की, माणसे जमेल तितका नेमका प्रश्न निवडतात. “अं?” म्हटले तर आजीला सगळे वाक्य पुन्हा म्हणावे लागते, “विरारचे का?” म्हटले तर नुसती मान हलवली की भागते. नेमके विचारणे ही ऐकणाऱ्याने बोलणाऱ्याची घेतलेली काळजी आहे.

आता वसईचे दोन कागद या नजरेने पाहू. मे 1739 मध्ये चिमाजी अप्पांपुढे वसईचा किल्ला नमला. दोन्हीकडची माणसे लढून थकली होती. तरी शरणागतीची कलमे मोघम राहिली नाहीत. शिबंदीने हत्यारांनिशी, नगारे वाजवीत बाहेर पडावे. मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळता यावा. तीन चर्चे राखावीत. कुठली तीन? एक शहरात, एक वसई प्रांतात, एक साष्टीत. ‘कुठली’ हा प्रश्न कागदावरच मिटवला होता.

दुसरा कागद 31 डिसेंबर 1802 चा. हडपसरला होळकरांकडून हार खाऊन आलेल्या दुसऱ्या बाजीरावाने वसईत इंग्रजांशी तह केला. कंपनीच्या सहा पलटणी पदरी घेतल्या आणि त्यांच्या खर्चापोटी 26 लाखांचा मुलूख तोडून दिला, हे शाळेतली मुलेही सांगतात. पण त्यात आणखी एक कलम होते : कंपनीशी आधी मसलत केल्याशिवाय पेशव्याने दुसऱ्या कोणत्याही सत्तेशी बोलणे सुरू करू नये. म्हणजे शिंदे किंवा भोसल्यांना “तुमच्या मनात काय आहे?” एवढे विचारायचे, तरी आधी तिसऱ्याला विचारायचे!

मग प्रश्न विचारले ते इंग्रजांनी. मे 1803 मध्ये कर्नल कॉलिन्सने दौलतराव शिंद्यांकडे खुलासा मागितला. रघूजी भोसल्यांची भेट झाल्यावर युद्ध की शांतता ते कळवू, असे उत्तर मिळाले. इंग्रजांनी त्यात धमकी वाचली. ऑगस्टमध्ये युद्ध पेटले आणि 23 सप्टेंबरला असईच्या रानात हजारो माणसे पडली. एका प्रश्नाने ते टळले असते, असे मी म्हणणार नाही. त्यामागे सत्तेची हाव होती. पण घरच्यांनी घरच्यांना विचारण्याची वाट त्याआधीच कागदाने अडवली होती, हे विसरता येत नाही.

म्हणून वर्गात एखादे पोर हात वर करून “म्हणजे काय, सर?” म्हणते, तेव्हा मी खडू खाली ठेवतो. वसईत दोन तहांची किंमत मोजली गेली आहे. हा प्रश्न मात्र अजून फुकट मिळतो.