आबिड्स ते सुलतान बाजार : भ्रमणध्वनीची दुकाने आणि एक अलिखित साहित्यव्यवहार

व्यापारपेठेचा इतिहास हा अर्थशास्त्राचा किंवा नगररचनेचा विषय मानण्याची आपल्याकडे प्रथा आहे. साहित्याचा अभ्यासक पेठेकडे वळतो तो बहुधा छापखाने आणि ग्रंथविक्रेते यांच्या शोधात. हैदराबादमधील आबिड्स, कोठी आणि सुलतान बाजार या एकमेकांच्या निकट असलेल्या पेठांचा गेल्या तीन दशकांतील इतिहास मात्र या मर्यादेपलीकडे पाहायला लावणारा आहे. आबिड्समधील जगदीश मार्केट आणि कोठीची गुजराती गल्ली ही नावे भ्रमणध्वनी-संच, त्यांचे सुटे भाग आणि दुरुस्ती यांच्याशी जोडली गेली आहेत. या स्थित्यंतराकडे जुन्या पेठेचा, आणि तिच्याबरोबर एका नागर संस्कृतीचा, अंत म्हणून पाहिले जाते. हे निदान सर्वस्वी खोटे नाही. परंतु त्यात एक महत्त्वाची गोष्ट नजरेआड होते. ज्या दुकानांना या अंताचे कारण मानले जाते, तीच दुकाने सुमारे दशकभर गीतांच्या आणि मौखिक साहित्याच्या प्रसाराची केंद्रे होती.

या पेठा कधीच एकभाषी नव्हत्या. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या खासगी सेवेत असलेल्या आबिद नावाच्या गृहस्थाच्या दुकानावरून आबिड्स हे नाव पडले. कोठी हे नाव ब्रिटिश रेसिडेन्सीच्या वास्तूचे स्मरण देते. रेसिडेन्सीभोवतीचा बाजार दीर्घकाळ ब्रिटिशांच्या अखत्यारीत होता. १९३३ मध्ये तो निजामाकडे परत आला आणि सुलतान बाजार या नावाने ओळखला जाऊ लागला. याच परिसरात १९०१ मध्ये श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हे तेलुगू ग्रंथालय स्थापन झाले. मराठी भाषकांची विवेकवर्धिनी शाळा आणि मराठी ग्रंथसंग्रहालय ही याच भागाच्या आसपासची. उर्दू ही राज्याची भाषा. तेलुगू, मराठी आणि कन्नड या प्रजेच्या भाषा. त्यांचे परस्परसंबंध नेहमीच सलोख्याचे होते असे मात्र नाही.

नोव्हेंबर १९२१ मध्ये विवेकवर्धिनीच्या नाट्यगृहात निजाम राज्यातील समाजसुधारणा परिषद महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या अध्यक्षतेखाली भरली होती. इंग्रजी, उर्दू आणि मराठी भाषणे श्रोत्यांनी शांतपणे ऐकली. आलमपल्ली वेंकटरामाराव यांनी तेलुगूत बोलायला आरंभ करताच मात्र सभेत हुर्यो उठली. राज्यातील सर्वांत मोठ्या भाषकगटाची भाषा राज्याच्याच राजधानीत ऐकून घेतली गेली नाही. त्याच रात्री काही तेलुगू भाषक एकत्र जमले आणि आंध्र जनसंघाची स्थापना झाली. पुढील काळात आंध्र महासभेच्या रूपाने जी चळवळ वाढली तिचे बीज येथे आहे. कोणत्या भाषेला सार्वजनिक ठिकाणी ऐकले जाण्याचा अधिकार आहे, हा प्रश्न या परिसरात असा प्रत्यक्ष उभा राहिलेला होता. पुढील विवेचनाच्या दृष्टीने ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

भारतात भ्रमणध्वनीसेवेचा प्रारंभ ३१ जुलै १९९५ रोजी झाला, तो पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू आणि केंद्रीय दळणवळणमंत्री सुखराम यांच्यातील संभाषणाने. आरंभी केलेल्या कॉलबरोबर आलेल्या कॉलचेही पैसे मोजावे लागत. त्यामुळे हे साधन मूठभर धनिकांपुरतेच राहिले. १९९९ च्या नव्या दूरसंचार धोरणानंतर कंपन्यांवरील परवानाशुल्काचा भार हलका झाला, आणि २००३ मध्ये येणारा कॉल मोफत झाला. त्यानंतर मोबाइल रिक्षाचालकाच्या आणि भाजीविक्रेत्याच्या हाती आला. पेठेचे रूप पालटले ते या टप्प्यावर.

या पालटाला एक अंतर्गत तर्क होता. मोबाइलच्या दुकानाला जागा थोडी लागते: काचेचे एक कपाट, एक टेबल आणि विजेची जोडणी एवढ्यावर धंदा उभा राहतो. म्हणून एका प्रशस्त गाळ्याचे तीन-चार भाग पाडून ते वेगवेगळ्यांना देणे मालकाला किफायतशीर ठरले. दुसरे असे की घड्याळे, रेडिओ, कॅमेरे, गणनयंत्रे आणि ध्वनिफिती यांची कामे मोबाइलने एकेक करून आपल्यात सामावून घेतली. ज्या वस्तू त्या लहानशा संचात शिरल्या, त्यांच्याच दुकानांवर प्रथम संकट आले. अनेक ठिकाणी दुकानदारही तोच राहिला. फक्त कपाटातील माल बदलला. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची डाग देण्याची कला नव्या संचांच्या दुरुस्तीत कामी आली. हे एका परक्या व्यापाराचे आक्रमण होते, हे म्हणणे म्हणूनच अपुरे ठरते. जुन्या पेठेनेच पुष्कळ अंशी आपले रूपांतर करून घेतले.

साहित्याच्या अभ्यासकाचा संबंध येतो तो यानंतर. स्मृतिपत्र, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेले मेमरी कार्ड, घालता येणारे स्वस्त संच २००५ नंतर सर्वत्र पसरले. इंटरनेट मात्र बहुसंख्य ग्राहकांच्या आवाक्याबाहेर होते. ही उणीव दुकानदाराने भरून काढली. त्याच्या संगणकात हजारो गाणी साठवलेली असत, आणि थोड्या रुपयांत तो ती ग्राहकाच्या कार्डात भरून देई. हिंदी आणि तेलुगू चित्रपटगीतांच्या शेजारी कव्वाल्या, नाती, भजने, लोकगीते, प्रवचने आणि दखनी विनोदी प्रसंग अशा रचना तेथे नांदत. २००० च्या दशकाच्या मध्यावर आलेल्या ‘द अंग्रेज’ आणि ‘हैदराबाद नवाब्स’ या चित्रपटांनी दखनी बोलीला पडद्यावर जी लोकप्रियता मिळवून दिली, ती अशाच हस्तांतरित चित्रतुकड्यांमुळे दूरवर पोहोचली. मराठवाड्यातील तालुक्यांच्या गावीही भीमगीते, अभंग आणि लावण्या ‘भरून घेण्याचा’ व्यवहार त्या काळी सर्रास चालत असे. हा व्यवहार १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याचे उल्लंघन करणारा होता, हे नमूद करायलाच हवे. कलावंतांना त्यातून काही मिळाले नाही.

१९२१ ची सभा आणि हे दुकान यांची तुलना येथे उद्बोधक ठरते. त्या सभेत भाषांची श्रेणी लागलेली होती. दुकानात ती श्रेणी गळून पडली. तेथे मोजमाप होते ते कार्डाच्या क्षमतेचे. तेलुगू लोकगीत, उर्दू नात आणि हिंदी चित्रपटगीत यांना एकच दर होता. परंतु या समतेची किंमतही मोठी होती. त्या काळातील अनेक संचांवर भारतीय लिप्या उमटत नसत, अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसत. म्हणून गाण्यांची नावे मोडक्या रोमन अक्षरांत लिहिली जात. कवी, गायक, संगीतकार, वर्ष यांपैकी पुष्कळदा काहीच शिल्लक राहत नसे. ध्वनिफितीच्या वेष्टनावर निदान गायकाचे नाव आणि चित्र तरी असे. कार्डातील गाणे निनावी झाले. भाषा ऐकली गेली, पण रचनाकार हरवला.

या हानीचे स्वरूप तेलंगणाच्या उदाहरणाने स्पष्ट होते. स्वतंत्र राज्याच्या आंदोलनात गीतांचे स्थान केंद्रीय होते, आणि २००९ ते २०१४ या निर्णायक वर्षांत ती सभांइतकीच मोबाइलवरूनही फिरत होती. अंदेश्री यांचे ‘जय जय हे तेलंगणा’ हे गीत २०२४ मध्ये राज्यगीत म्हणून स्वीकारले गेले; त्याची संहिता, कर्ता आणि इतिहास आता सुरक्षित आहेत. परंतु त्याच्या बरोबरीने कार्डाकार्डांतून फिरलेल्या अनामिक रचनांना असा आश्रय लाभलेला नाही.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली, इंटरनेट स्वस्त झाले आणि गाणी भरून देण्याचा धंदा वेगाने ओसरला. दुकाने राहिली, पण संचांचे आवरण, काच, चार्जर आणि दुरुस्ती एवढ्यापुरती. संगणक जुने झाले, तबकड्या पुसल्या गेल्या किंवा भंगारात गेल्या.

ध्वनिफितींच्या युगाला पीटर मॅन्युएल यांच्या ‘कॅसेट कल्चर’ (१९९३) या उत्तर भारतावरील ग्रंथाने अभ्यासविषयाची प्रतिष्ठा दिली. स्मृतिपत्रांच्या दशकालाही तशाच अभ्यासाची गरज आहे. त्यासाठी साधने अद्याप मिळू शकतात: घराघरांत पडून असलेली जुनी कार्डे, दुकानदारांच्या आठवणी, कोणती गाणी कोण मागत असे याविषयीची त्यांची सूक्ष्म जाण. हे दुकानदार वयाने अजून फार मोठे नाहीत. पण कार्डांचे आयुष्य माणसांच्या आयुष्याहून कमी असते. तौलनिक साहित्याने बहुभाषिकतेचा विचार आजवर मुख्यत्वे ग्रंथांच्या, अनुवादांच्या आणि संस्थांच्या आधारे केला. सुलतान बाजारातील ग्रंथालयांनी आपापल्या भाषेचा वारसा वेगवेगळ्या कपाटांत जपला. काही पावलांवरच्या दुकानांनी त्या सर्व भाषा एकाच कार्डात भरल्या आणि काहीही जपले नाही. या प्रदेशाचा साहित्येतिहास लिहिताना या दोन्ही व्यवहारांना एकत्र स्थान द्यावे लागेल.