बांगलादेशातील चक्रीवादळ पूर्वतयारी

बंगालच्या उपसागरात उठणाऱ्या चक्रीवादळांचा इशारा किनाऱ्यावरील गावांपर्यंत पोहोचवणे, लोकांना वेळेत पक्क्या निवाऱ्यात हलवणे आणि वादळानंतर बचावकार्य करणे यांसाठी बांगलादेशात उभी राहिलेली व्यवस्था चक्रीवादळ पूर्वतयारी या नावाने ओळखली जाते. १९७२ मध्ये रेड क्रॉसने सुरू केलेला 'चक्रीवादळ पूर्वतयारी कार्यक्रम' हा तिचा कणा होय. १९७३ पासून बांगलादेश सरकार व बांगलादेश रेड क्रिसेंट सोसायटी हा कार्यक्रम संयुक्तपणे चालवतात.

१९७० च्या चक्रीवादळात या किनाऱ्यावर तीन ते पाच लाख माणसे मृत्युमुखी पडली. २०२० च्या 'अम्फान' वादळात बांगलादेशातील मृतांचा आकडा दोन अंकीच राहिला. अर्थात कोणतीही दोन वादळे सारखी नसतात आणि हा सर्व फरक केवळ व्यवस्थेच्या नावे जमा करणे योग्य ठरणार नाही. १९९१ आणि २००७ या वर्षांतील वादळांची तुलना अधिक न्याय्य आहे. ती पुढे आली आहे.

भौगोलिक पार्श्वभूमी

अटलांटिक महासागरात ज्याला हरिकेन व पश्चिम पॅसिफिकमध्ये टायफून म्हणतात, तेच वादळ हिंदी महासागरात चक्रीवादळ म्हणून ओळखले जाते. बंगालच्या उपसागरात अशी वादळे मुख्यतः मोसमी पावसाच्या आधी, एप्रिल-मे महिन्यांत आणि मोसमी पाऊस सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतात. जगातील एकूण चक्रीवादळांत या उपसागराचा वाटा लहान आहे. मात्र सर्वाधिक बळी घेणाऱ्या वादळांपैकी बहुतेक येथीलच आहेत. १८७६ च्या बाकरगंज वादळातही सुमारे दोन लाख लोक दगावले होते.

याचे कारण वाऱ्यापेक्षा पाण्यात आहे. उत्तरेकडे उपसागर नरसाळ्यासारखा निमुळता होत जातो आणि किनाऱ्यालगतचा समुद्रतळ उथळ आहे. वादळाने पुढे ढकललेल्या पाण्याला पसरायला जागा उरत नाही. ते वर चढते आणि वादळी लाटेच्या रूपाने जमिनीवर शिरते. समोर असतो तो गंगा, ब्रह्मपुत्रा व मेघना यांच्या गाळाने बनलेला प्रदेश, समुद्रसपाटीपेक्षा जेमतेम उंच. नदीमुखाशी गाळाची नवी बेटे तयार होतात, त्यांना 'चर' म्हणतात. भूमिहीन कुटुंबे शेतीसाठी तेथे जाऊन राहतात. म्हणजे सर्वांत गरीब माणूस सर्वांत धोक्याच्या जागी राहतो आणि बहुधा ते त्याला ठाऊकही असते.

१९७० चे वादळ

१२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री तत्कालीन पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्यावर आदळलेले 'भोला' चक्रीवादळ हे नोंदलेल्या इतिहासातील सर्वांत प्राणघातक चक्रीवादळ मानले जाते. ऐन भरतीच्या वेळी आलेली लाट काही ठिकाणी सहा मीटरपेक्षा उंच होती. तजुमुद्दिन या एकाच उपजिल्ह्यात सुमारे पंचेचाळीस टक्के लोकसंख्या नाहीशी झाली. नंतरच्या पाहणीत असे दिसले की वाचलेल्यांत धडधाकट पुरुषांचे प्रमाण अधिक होते; मुले, वृद्ध व स्त्रिया अधिक संख्येने वाहून गेल्या होत्या. वाचलेल्या अनेकांच्या छातीवर, दंडांवर व मांड्यांवर खोल खरचटल्याच्या जखमा होत्या. रात्रभर झाडाच्या खोडाला मिठी मारून राहिल्याच्या त्या खुणा होत्या.

याहून विचार करायला लावणारी बाब वेगळीच आहे. वादळ येत असल्याची वार्ता किनाऱ्यावरील बहुसंख्य लोकांना मिळाली होती. पक्क्या इमारतीत आसरा घेणारे मात्र शंभरात जेमतेम एक होते. तशा इमारती जवळपास फारशा नव्हत्याच. शिवाय वार्ता कळणे आणि घर सोडणे यांत मोठे अंतर असते. पुढील सर्व व्यवस्थेचा इतिहास हा मुख्यतः हे अंतर कमी करण्याचा इतिहास आहे.

पश्चिम पाकिस्तानातील केंद्रीय सरकारने मदतकार्यात दाखवलेल्या दिरंगाईविषयी पूर्व भागात तीव्र रोष निर्माण झाला. डिसेंबर १९७० च्या निवडणुकीत अवामी लीगला मिळालेल्या यशामागील कारणांत त्याचीही गणना होते. १९७१ मध्ये बांगलादेश स्वतंत्र झाला.

कार्यक्रमाची रचना

कार्यक्रमाचा पाया म्हणजे गावातलेच स्वयंसेवक. त्यांना वेतन नसते. एकेका पथकाकडे साधारणतः एक-दोन गावे असतात आणि पथकातील सदस्यांमध्ये इशारा, निवारा, बचाव, प्रथमोपचार अशी कामे वाटलेली असतात. ढाक्यातील हवामान खात्याचा संदेश बिनतारी यंत्रणेने उपजिल्ह्यापर्यंत येतो. तेथून पुढे सायकल, होडी, कर्णा आणि हाताने फिरवायचा भोंगा यांचे राज्य सुरू होते. धोका वाढत जाईल तसे गावात एक, दोन व शेवटी तीन झेंडे चढवले जातात. मोबाइल दूरध्वनी आल्यानंतरही ही साधने टाकून दिलेली नाहीत, आणि ते शहाणपणाचेच आहे, कारण वादळात प्रथम मनोरेच बंद पडतात. दारात उभा राहून 'चला' म्हणणारा माणूस ओळखीचा असला, की रेडिओवरील अनोळखी आवाजापेक्षा त्याचे अधिक ऐकले जाते.

स्वयंसेवकांची संख्या आता ७६,००० च्या आसपास असून त्यांपैकी निम्म्या स्त्रिया आहेत. हे काम जोखमीचे आहे. अम्फानच्या वेळी पटुआखाली जिल्ह्यात इशारा देण्यासाठी निघालेला एक स्वयंसेवक होडी उलटून बुडाला.

संकेतांची अडचण

बांगलादेशात रूढ असलेली संकेतांची क्रमवारी मुळात बंदरे व जहाजे यांच्यासाठी ब्रिटिश काळात आखली गेली. तीत १ ते ११ असे आकडे आहेत. साधा वाचक आकडा वाढला की धोका वाढला असे समजेल. तसे ते सर्वत्र नाही. ५, ६ व ७ हे तिन्ही संकेत सारख्याच तीव्रतेचा धोका दर्शवतात. वादळ बंदराच्या कोणत्या बाजूने जाणार की थेट बंदरावरून जाणार, एवढाच त्यांत भेद आहे. ८, ९ व १० यांचेही तसेच. संकेत ११ चा अर्थ तर 'संपर्क तुटला' असा आहे. खलाशाला या भेदाचा उपयोग असतो. चरावरच्या शेतकऱ्याला तो नसतो. पाच ऐकून सातची वाट पाहत बसणारा मनुष्य मूर्ख नसून भाषेने फसवलेला असतो. लोक हे आकडे शब्दशः घेऊ लागले, म्हणूनच झेंड्यांच्या तीन पायऱ्यांचे महत्त्व वाढले.

निवारे

२९ एप्रिल १९९१ च्या रात्री चितगाव किनाऱ्यावर आदळलेल्या वादळात सुमारे १,३८,००० लोक मरण पावले. इशारा या वेळी स्पष्टपणे दिला गेला होता. कमतरता निवाऱ्यांची होती. वादळानंतर १३५ कुटुंबांची जी पाहणी झाली, तीत पक्क्या विटा-सिमेंटच्या इमारतीपर्यंत पोहोचलेले सर्वच्या सर्व लोक वाचलेले आढळले. जे पोहोचू शकले नाहीत, त्यांपैकी सुमारे बावीस टक्के मरण पावले होते. यानंतर अभियंते जमीलुर रझा चौधुरी यांच्या नेतृत्वाखाली निवाऱ्यांचा बृहद् आराखडा तयार झाला आणि बांधकामाला गती आली.

नेहमीचा निवारा हा काँक्रीटच्या उंच खांबांवर उभा असतो. तळमजला मोकळा सोडलेला असतो, म्हणजे लाट इमारतीला धडक देण्याऐवजी खालून निघून जाते. बहुतेक निवारे एरवी प्राथमिक शाळा म्हणून वापरले जातात. ही युक्ती वरवर काटकसरीची वाटते, पण तिचे खरे फळ वेगळे आहे. वर्षभर बंद राहणाऱ्या इमारतीच्या किल्ल्या वेळेवर सापडत नाहीत. शाळेचे दार रोज उघडते आणि मुलांना तिथली वाट डोळे मिटून ठाऊक असते.

तरीही अनेक कुटुंबे निघत नाहीत. १९९१ मध्ये स्त्रियांचा मृत्युदर पुरुषांच्या अनेक पटींनी जास्त होता. घरातील पुरुष बाहेर असता कोणाच्या परवानगीने निघावे, परक्या पुरुषांच्या गर्दीत रात्र कशी काढावी, मागे भांडीकुंडी चोरीस गेली तर काय, हे प्रश्न त्यामागे होते. पाण्यात पायांत गुंतणाऱ्या साडीचाही त्यात वाटा होता. नंतरच्या निवाऱ्यांत स्त्रियांसाठी स्वतंत्र खोल्या व शौचालये आली, आणि दार ठोठावायला स्त्री स्वयंसेवक जाऊ लागल्या. दुसरे कारण गुरांचे. ज्याची सारी पुंजी एक गाय आहे, तो तिला सोडून जात नाही. त्यासाठी १९७० नंतर शेख मुजीबुर रहमान यांच्या काळात मातीचे उंच चौथरे उभारले गेले. लोकांनी त्यांना 'मुजीब किल्ला' हे नाव दिले.

१५ नोव्हेंबर २००७ रोजी आलेले 'सीडर' वादळ तीव्रतेने १९९१ च्या वादळाच्या जवळपास होते. त्यात सुमारे ३,४०० लोक मरण पावले. सुंदरबनाच्या जंगलाने वाऱ्याचा व लाटेचा काही भार झेलला, हेही येथे नोंदवले पाहिजे.

वादळानंतरचे प्रश्न

प्राण वाचवण्यात मिळालेले यश उपजीविका वाचवण्यात मिळालेले नाही. मे २००९ मधील 'आयला' वादळात बांगलादेशातील मृतांची संख्या दोनशेच्या आत राहिली, पण खुलना व सातखिरा जिल्ह्यांतील बांध फुटले. १९६० च्या दशकापासून घातलेल्या या बांधांनी वेढलेल्या जमिनीला 'पोल्डर' म्हणतात. कोकणातील खारभूमीचे बांध पाहिलेल्यांना त्यांची कल्पना सहज येईल. फुटलेल्या बांधातून आलेले खारे पाणी भरती-ओहोटीबरोबर आत-बाहेर करीत राहिले. कित्येक गावांत भातशेती दोन-दोन वर्षे होऊ शकली नाही, तळ्यांचे गोडे पाणी नासले, आणि हजारो कुटुंबे उरलेल्या बांधावरच झोपड्या बांधून राहिली. पुष्कळजण कामासाठी शहरांकडे गेले. मृतांच्या आकड्यात यांपैकी काहीच दिसत नाही.

अम्फानच्या वेळी कोविडची साथ चालू असल्याने गर्दी टाळण्यासाठी नेहमीच्या निवाऱ्यांना इतर इमारतींची जोड देण्यात आली आणि सुमारे चोवीस लाख लोकांना हलवले गेले. कॉक्स बाजार जिल्ह्यातील रोहिंग्या निर्वासितांच्या छावण्यांत मात्र घरे बांबू व ताडपत्रीची आहेत आणि पक्के बांधकाम करण्यास परवानगी नाही. तेथे निर्वासितांमधूनच स्वयंसेवक तयार करण्यात आले आहेत; मे २०२३ मधील 'मोखा' वादळापूर्वी त्यांनी छावण्यांत इशारे दिले.

वादळांची नावे

उत्तर हिंदी महासागरातील चक्रीवादळांना नावे देण्याची पद्धत २००४ मध्ये सुरू झाली. सदस्य देश नावे सुचवतात आणि ती क्रमाने वापरली जातात. पहिले नाव 'ओनिल' हे बांगलादेशाचे होते. २०१९ मध्ये ओडिशाला तडाखा देणारे 'फणी' हेही त्याच देशाचे. ३ जून २०२० रोजी रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळून श्रीवर्धन, मुरूड आणि शेजारच्या दापोली भागातील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या करणाऱ्या वादळाचे 'निसर्ग' हे नावही बांगलादेशानेच सुचवलेले होते.